फाटकावर रोखलेला डबा

९ जानेवारी १९९७, गुरुवार

सकाळी दूध घ्यायला गेले तर फाटकासमोर घाण. साधी घाण असती तर झाडून टाकली असती. फुटका नारळ, पत्रावळीवर दहीभात, त्यावर शेंदूर, शेजारी कापलेलं लिंबू. मी काठीने सगळं गटारात ढकललं आणि जागा फिनेलने धुतली. दूधवाला लांब उभा राहून बघत होता. "मॅडमजी, छूना मत." मी म्हटलं, "मग तू उचल." तर पिशवी फाटकाला अडकवून पळाला.

आधी तो रस्ता. दिवाळीपूर्वी महापालिकेने समोरच्या शेतांमधून नवा रस्ता काढला आणि सरळ आणून माझ्या फाटकावर संपवला. जुना रस्ता कुंपणाला लागून जातोच आहे, आता हा समोरून छातीवर येतो. ट्रक वळले की त्यांचे दिवे माझ्या बैठकीच्या भिंतीवर फिरतात. अर्ज दिला, उत्तर नाही. रस्ता झाल्यापासून एक बिल्डर मात्र न बोलावता दोनदा येऊन गेला. त्याला इथे टॉवर बांधायचा आहे. बांधू दे, खाडीत बांधू दे.

ही वही इंग्रजीत लिहिणार होते. पण कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी शिकवलेल्या इंग्रजीत मला फक्त तक्रार करता येते, रागावता येत नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांतीला सुधीर आणि रंभा डोंबिवलीहून आले. माझा भाऊ गेल्यापासून सुधीरचं सगळं मीच पाहिलं, त्यामुळे सणाला तो आला नाही तर मला चुकल्यासारखं होतं. रंभाला एप्रिलमधली तारीख दिली आहे. दुपट्यांसाठी तिला माझ्या मऊ झालेल्या वॉयलच्या साड्या दिल्या. त्यातली पांढऱ्या ठिपक्यांची जांभळी देताना जीव थोडा अडकला. कंपनीतल्या शेवटच्या दिवशी मी ती नेसले होते.

नारळाचं सांगितलं तसा सुधीर गंभीर झाला.

"आत्या, हे साधं नाही. बिल्डर लोक असले प्रकार करतात. करणी म्हणतात याला. म्हातारी माणसं घाबरून विकतात."

"म्हातारं कोण?"

"तसं नाही गं. पण तू एकटी. उद्या काही झालं तर मी डोंबिवलीहून पोचेपर्यंत काय?"

मग म्हणाला, विकायचंच असेल तर बोलणी मी करतो, तुला त्रास नको. पोरगा काळजी करतो. मी त्याला सांगितलं, हे घर माझ्या पगारातून उभं राहिलं आहे, नारळाने पडायचं नाही.

१९ जानेवारी, रविवार

काल शनिवार, नेहमीप्रमाणे नौपाड्यात मैत्रिणीकडे रमी खेळायला गेले होते. रिक्षातून उतरले तर फाटकाच्या डाव्या खांबाला काळी बाहुली लटकलेली. पोटात टाचण्या. गळ्यात बिब्बा.

घाबरले नाही. रागाने ती उपटून पिशवीत कोंबली.

आज चौकीत गेले. हवालदाराने बाहुलीकडे पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"मॅडम, हिच्यावर कलम कुठलं लावू?"

"ते तुम्ही सांगायचं. पगार तुम्ही घेता."

"कुणाला बघितलंय का लावताना?"

नाही, मी कुणालाच बघितलं नाही. तर मग बघणारच. बँकेत असतो तसा कॅमेरा बसवते. सिक्युरिटी कॅमेरा. फाटकाबाहेर, चोवीस तास, आणि ज्याचं तोंड त्यात येईल त्याला मी स्वतः धरून चौकीत आणीन.

२१ जानेवारी, मंगळवार

सुधीरला फोन केला. तो म्हणाला, "कॅमेरा? आत्या, तो बँकांसाठी असतो. एवढ्या पैशांत तुझं काशी-रामेश्वर होईल." मग थोड्या वेळाने त्याचाच फोन आला. त्याच्या ओळखीत कोणी नुसता रिकामा डबा लावतं, आत लाल दिवा लुकलुकतो, चोराला वाटतं खराच आहे.

मी म्हटलं, "मला चोराला वाटायला नको आहे, मला चोर बघायचा आहे."

२५ जानेवारी, शनिवार

स्टेशनजवळचं इंटरकॉम आणि घंटांचं दुकान. मालक पोपटभाई. त्याने मला आधी चहा दिला, मग दरवाजातली भोकवाली काच दाखवली. मी म्हटलं, ती माझ्याकडे आहे, मला बाहेरचा कॅमेरा हवा, ऊन, पाऊस आणि खाडीची खारी हवा सोसणारा.

"मॅडम, हा घ्या. एकदम वॉटरप्रूफ. फॉरेन."

त्याच्या काउंटरवर पाण्याचा ग्लास होता. मी तो कॅमेऱ्याच्या डब्यावर ओतला.

"अरे मॅडम! अहो मॅडम! काय करता!"

"तुम्हीच म्हणालात ना वॉटरप्रूफ?"

"म्हणजे पावसासाठी! ग्लासने नाही!"

डब्याच्या सांध्यातून पाणी आत गेलं. पोपटभाई रुमालाने पुसत बसला आणि मी त्याला ऐकवलं की कोलशेतचा पाऊस ग्लासने पडत नाही हे खरं, तो बादलीने पडतो. मग कुठे त्याने मागच्या कपाटातून दुसरा डबा काढला. जाड ॲल्युमिनियम, कडेला रबर, वर उन्हासाठी टोपी. हाही भिजवला. कोरडा राहिला. स्क्रू मात्र लोखंडी होते, ते पितळी लावून द्यायचं कबूल करवून घेतलं.

पुढचं त्याने नीट समजावलं. चित्र काळंपांढरं येणार. अंधारात कॅमेरा आंधळा, त्यामुळे फाटकावर शंभराचा बल्ब जळता हवा. केबल घरात आणून माझ्या टीव्हीला आणि व्हीसीआरला जोडायची, म्हणजे मी बाहेर असताना टेप भरत राहील. प्रश्न राहिला लेन्सचा. रुंद लेन्स घेतली तर सगळा रस्ता दिसतो पण माणूस मुंगीएवढा. अरुंद घेतली तर फाटकातला माणूस तोंडासकट दिसतो पण आजूबाजूचं कापलं जातं.

ठरवता येईना. घरी येऊन सुधीरला विचारलं. तो लगेच म्हणाला, "अरुंद. चेहराच ओळखता आला नाही तर उपयोग काय?" हुशार आहे. हे मला दुकानात सुचायला हवं होतं.

२ फेब्रुवारी, रविवार

कॅमेरा बसला. पोर्चच्या कोपऱ्यात, फाटकावर रोखलेला.

सुधीर मुद्दाम आला होता. पोपटभाईच्या माणसाने भोकं पाडली, पण खरी मेहनत सुधीरनेच केली. मला टीव्हीसमोर बसवून तो बाहेर फिरत होता आणि ओरडत होता, "आत्या, दिसतोय का?" उजवीकडून आला, दिसला. समोरून आला, दिसला. डाव्या बाजूला कडुनिंबाखालून, कुंपणाची भिंत आणि गटार यांच्यामधल्या पट्टीवरून खांबापर्यंत आला. "आता?" दिसत नव्हता. "अजून?" नाही. "हात वर करतो, आता?" नाही. पुन्हा पुन्हा करून पाहिलं बिचाऱ्याने. मी म्हटलं, मग कॅमेरा जरा डावीकडे वळवू. तर म्हणाला, उजवीकडचा रस्ता सुटेल आणि बिल्डरच्या गाड्या उजवीकडूनच येतात. बरोबर आहे.

एवढा जीव लावून कोण करतं आजकाल.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

चोर सापडला. सापडली.

दिवेलागणीला टीव्हीवर कॅमेरा लावून बसले होते. फाटकासमोर एक बाई वाकली, काहीतरी ठेवलं. मी अनवाणी धावत गेले. गोदूबाई! जी माझ्याकडे एक दिवसाआड मासळी आणते, मागच्या पायरीवर बसून साफ करून देते, माझा चहा पिते आणि माझ्याच साखरेला नावं ठेवते. पुढ्यात नारळ, पत्रावळ, दहीभात.

"गोदे! तू? किती दिलेत बिल्डरने तुला?"

"कंचा बिल्डर गो बाय? नातू तापलाय माजा. अवस हाय आज. उतरून टाकलाय त्याच्यावरशी."

"मग टाक ना तुझ्या दारात! माझ्या दारात का?"

"तुज्या दारान कोन ठेवतंय? मी तिठ्यावं ठेवतंय. तीन रस्ते मिलतान तिठाच झाला ना? मुनशिपाल्टीनं तिठा आनून तुज्या दारान लावला, त्यान माजा काय दोस? सगला गाव आता हितंच टाकतंय."

"आणि बाहुली? टाचण्या टोचलेली?"

तिने चक्क तोंडावर पदर घेतला. "बाहुली? नाय गो बाय. त्ये वंगाल काम. आमी तापाचा उतारा टाकतो, कुनाचा वाटोला कराला नाय टाकीत."

मी म्हटलं, उतारा आणि करणी मला शिकवू नकोस, दोन्ही घाणच. त्या डब्यात तुझं तोंड आलं आहे, पुन्हा त्याच्यासमोर दिसलीस तर चौकीत नेईन. मासळीही नको.

टोपली उचलली तिने. "नाय येनार तुज्या डब्यासमोर. मेली मी तरी नाय येनार."

तो बावळट हवालदार म्हणाला होता ना, कुणाला बघितलं का. बघितलं.

९ फेब्रुवारी, रविवार

काल रमीहून आले तर पुन्हा बाहुली. डाव्याच खांबाला. या वेळी काळी नाही. जांभळ्या वॉयलची साडी नेसवलेली. पांढरे ठिपके.

माझी साडी.

टेप लावून पाहिली. सबंध टेप. फाटक, बल्ब, एक कुत्रा, बल्बवर किडे. माणूस नाही. बाहुली काय वाऱ्याने आली? पोपटभाईला फोन करून जे बोलायचं ते बोलले. तो म्हणाला, मॅडम, जे समोर येईल ते मशीन दाखवणार.

साडीचं मात्र मला कळलं. जांभळी मी रंभाला दिली हे खरं, पण देण्याआधी धुऊन मागच्या दोरीवर वाळत घातली होती, आणि मागच्या पायरीवर कोण बसायचं? कोपरा फाडून घ्यायला कितीसा वेळ लागतो. मला तेव्हा कळलं नाही, एवढंच.

सुधीर धावत आला. टेप त्यानेही पाहिली.

"आत्या, ज्या गोष्टी कॅमेऱ्यात येत नाहीत त्यांच्याशी आपण कसं भांडणार?"

मी बाहुली कागदात गुंडाळून कपाटात ठेवली.

२३ फेब्रुवारी, रविवार

काल तिसरी. हीही जांभळी. या वेळी केसांच्या जागी पांढरी लोकर, माझ्यासारखी.

झोप नीट नाही. माझा ह्या गोष्टींवर विश्वास नाही, हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगते आहे की त्याचाच संशय येऊ लागला आहे. दोन आठवडे मासळी नाही. रस्त्यावर गोदूबाई दिसली, मान वळवून गेली. तोरा तरी बघावा.

सुधीरला सांगून टाकलं, कर बोलणी. तो म्हणाला, पाडव्याचा मुहूर्त चांगला आहे, त्या दिवशी सही कर, तोवर रंभाही मोकळी होईल, तू आमच्याकडेच ये राहायला. माझ्या पाया पडला. निघताना स्कूटरला किक मारत गुणगुणत होता. निदान एका माणसाला तरी सुख झालं.

घरात फिरून प्रत्येक खिडकी उघडून बंद केली. कडुनिंब मी लावलेला आहे. त्याचं त्यांच्या नकाशात पार्किंग होणार.

९ मार्च, रविवार

काल शनिवार आणि वर अवस, हे मला आज दूधवाल्याने सांगितलं, कारण तो कडुनिंबाखाली उभा राहून "राम राम" करत होता. गेले. खांब आणि झाड यांच्यामध्ये, भिंत आणि गटारामधल्या त्या पट्टीत नारळ, दहीभात, लिंबू. जागा अडवून बसलेले. पाय टाकायला फट नाही.

गोदूबाईचंच. ओळखता येतं, ती पत्रावळीखाली केळीचं पान घालते. डब्यासमोर येणार नाही म्हणाली होती, शब्द पाळला. तिकडे अंधारात जाऊन ठेवलं.

बाहुली नव्हती. तरी टेप लावली, चहा घेऊन बसले.

बराच वेळ फाटक आणि बल्ब. मग चित्राच्या डाव्या कडेतून एक पाठ आत आली. माणूस उलटा चालत येत होता, चवड्यांवर, नजर खाली, मला न दिसणाऱ्या त्या पट्टीवर. तिथल्या वस्तूला वळसा घालत होता. उतारा ओलांडू नये म्हणून. मागे सरत सरत तो गटारावरून रस्त्यात आला, रस्त्यातून फाटकासमोर, बल्बच्या बरोबर खाली. तिथे थांबून त्याने त्या नारळाला हात जोडले. ओठ हलत होते. मग वळला, वर पाहिलं, आणि सबंध टीव्हीभर त्याचं तोंड.

अरुंद लेन्स. चेहरा ओळखता आलाच पाहिजे म्हणाला होता.

हातातल्या पिशवीतून जांभळं टोक बाहेर आलं होतं. तो क्षणभर तसाच उभा राहिला आणि पळाला. लहानपणी आमच्या जुन्या घरातला अंधारा बोळ ओलांडताना तो असाच पळायचा. फक्त तेव्हा माझं बोट धरून.

मी चित्र थांबवून ठेवलं. चहावर साय आली.

अकराला त्याचा फोन. "आत्या, बरी आहेस ना? काल टेप लागली होती का गं?"

"काल वीज नव्हती. काही भरलंच नाही."

"हो का?" केवढा मोठा श्वास. मला फोनमधून वारा लागला.

"पुढच्या रविवारी जेवायला या दोघं. वालाचं बिरडं करते."

१६ मार्च, रविवार

वाल सोलता सोलता नखं दुखली. नारळाचं दूध घातलं, जसं त्याला लागतं तसं. तो तीनदा वाढून घेतो. त्याने दुसऱ्यांदा वाढून घेतल्यावर मी टीव्ही लावला.

त्याचा घास हातातच राहिला. पडद्यावर तो उलटा चालत आला, वळसा घातला, हात जोडले, वर पाहिलं. मी चित्र थांबवलं. मग दोन्ही जांभळ्या बाहुल्या आणून लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवल्या.

रंभाने एक उचलली. साडीची कड उलटून शिवण पाहिली. "आत्या, हे तर दुपट्यासाठी कापून ठेवलेलं. हे म्हणाले, उंदरांनी नेलं असेल."

मी विचारलं, "सुधीर, बिल्डर काय देणार होता?"

"आत्या, मी तुझ्या भल्यासाठीच… तू एकटी, आणि आमच्या त्या एका खोलीत बाळ… मी नुसतं मागितलं असतं तर तू दिलं नसतंस."

"मागितलंस कधी?"

त्याने ताट पुढे सरकवलं. मग सगळं सोडून म्हणाला काय, तर, "तिथे उतारा होता गं. ओलांडायचा कसा?"

माझ्या नावाने टाचण्या टोचताना या मुलाचा हात थरथरला नाही. परक्या पोराच्या तापाला मात्र तो घाबरला. याला मी शिकवला, वाढवला, इंजिनियर केला. मी एवढी ओरडले की शेवटी आवाज बसला. पाडवा नाही, सही नाही, आणि दारात यायचं असेल तर समोरून यायचं, बल्बखालून, घंटा वाजवून, आणि तेही मी बोलावलं तर. रंभाला म्हटलं, तू कधीही ये. ती उठली, दोन्ही बाहुल्यांच्या टाचण्या एकेक करून काढल्या, बशीत ठेवल्या आणि ते कापड पर्समध्ये घातलं. तो तिच्या मागून गेला. बिरडं उरलं. फेकवत नाही आणि खाववत नाही.

१८ मार्च, मंगळवार

गोदूबाईकडे गेले. माफी वगैरे मागायला नाही. मला फक्त एक गोष्ट सांगायची होती. ती जाळं निवडत बसली होती, मान वर केली नाही.

"नातू बरा आहे का?"

"हाय."

"कडुनिंबाखाली अंधार असतो. गटार उघडं आहे. पडशील एखाद्या दिवशी आणि मला दवाखान्यात न्यावं लागेल. ठेवायचं तर फाटकासमोर बल्बखाली ठेव."

"मंग तुजा डबा बघल ना मना?"

"बघू दे. सकाळी झाडून घ्यायला मीच आहे."

तिने जाळ्याची गाठ दातांनी तोडली. पुढची गाठ शोधू लागली. भलती ताठ बाई आहे. अशा माणसांशी बोलणंच कठीण.

७ एप्रिल, सोमवार

उद्या पाडवा. वाण्याकडून गाठी आणल्या, काठी पुसून ठेवली. गुढी माझ्याच फाटकाशी उभारणार.

रंभाला शनिवारी मुलगी झाली. फोन तिच्या आईने केला. जांभळं दुपटं शिवून झालं आहे म्हणाली, तुकडे जोडून. मी बघायला जाणार आहे. तो घरी नसेल अशा वेळी, किंवा असेल तर असू दे.

दिवेलागणीला टीव्हीवर कॅमेरा लावून बसले. आता सवयच झाली आहे. फाटकासमोर गोदूबाई आली. बल्बखाली नारळ ठेवला, दहीभात ठेवला, हात जोडले. मग कमरेवर हात ठेवून सरळ डब्याकडे बघत उभी राहिली आणि बोलायला लागली. सबंध टीव्हीभर तिचं तोंड. हातवारे करत होती, एकदा खाडीकडे बोट दाखवलं, एकदा माझ्या स्वयंपाकघराकडे, मग कपाळावर हात मारून घेतला. साखरेचं काहीतरी असणार. किंवा नातवाचं. किंवा मला शिव्या.

मी आवाज वाढवला. अजून वाढवला. मग लक्षात आलं, या यंत्राला आवाजच नाही. दुकानात एवढी बडबड केली त्या पोपटभाईने, हे मात्र सांगितलं नाही. उद्या फोन करून त्याला ऐकवणार आहे.

ती अजून बोलतच होती. मी टीव्ही बंद केला, चहाचं आधण ठेवलं आणि चपला घालून फाटक उघडायला गेले.